चूक पकडणाऱ्याला लिमलेट

सुर्वे सरांना जाऊन आता वर्ष होत आलं, आणि औषधाची हाफ-लाइफ म्हणजे काय हे मला अजून नीटसं समजलेलं नाही. त्यांनी समजावण्यात काही कसूर ठेवली होती असं नाही. जिन्यात समजावलं, गच्चीवर समजावलं, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत लिफ्टच्या दुरुस्तीवरून हमरीतुमरी चालू असताना शेजारी बसून कानात समजावलं. पण व्हायचं असं, की त्यांनी सांगायला सुरुवात करण्याआधी मला जेवढं कळलेलं असायचं, तेवढंही शेवटी शिल्लक राहायचं नाही. मी तसं बोलून दाखवलं की ते खूश व्हायचे. "गोंधळलास ना? म्हणजे गाडी रुळावर आहे. ज्याला पहिल्या फटक्यात समजतं त्याला मी नापास करतो," म्हणायचे.

आमची इमारत मीरा रोडला, पूनम सागरमध्ये. सर तिसऱ्या मजल्यावर, मी त्यांच्या बरोबर खाली. मूळचे रत्नागिरीकडचे. आयुष्यभर एका फार्मसी कॉलेजात शिकवलं. औषध पोटात गेल्यावर त्याचं पुढे काय होतं, रक्तात किती काळ राहतं, कुठून बाहेर पडतं, हा त्यांचा विषय. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, शिकवणं सुटलं नाही. समोर येईल तो विद्यार्थी. त्यात मी पडलो सोसायटीचा पाणीवाला, म्हणजे कमिटीत टाकी, पंप आणि टँकर बघणारा. शिक्षण बी.कॉम. पण सरांचं ठाम मत होतं, की माणसाचं शरीर आणि इमारतीची टाकी यांत फारसा फरक नाही आणि म्हणून या इमारतीत विषय समजण्याची पात्रता फक्त माझ्यात आहे.

उंच, किडकिडीत, अंगात चौकड्यांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. त्या शर्टाच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या कायम. त्या स्वतःसाठी नव्हत्या. सरांची एक जुनी सवय होती. वर्गात शिकवताना ते तासाला एक वाक्य मुद्दाम चुकीचं बोलायचे. चेहरा अगदी गंभीर. जो विद्यार्थी हात वर करून "सर, चूक" म्हणेल त्याला लिमलेट. कोणीच पकडली नाही तर तास संपताना स्वतःच सांगायचे आणि गोळी स्वतःच्या तोंडात टाकायचे. "मुलं झोपत नाहीत यामुळे," म्हणायचे. "मास्तर बोलतो म्हणून खरं, ही खोड औषधाच्या धंद्यात फार वाईट."

निवृत्तीनंतर ही सवय इमारतीत उतरली. तिथे मुलं नव्हती, आम्ही होतो. "आज बुधवार ना, पाणी येणार नाही," असं ते गुरुवारी म्हणायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. मी "चूक, सर" म्हटलं की खिशात हात. वॉचमन तर नुसत्या संशयावरून "चूक है साब" म्हणायचा आणि अधूनमधून त्याचं नशीब उघडायचं. सुर्वेकाकूंना मात्र या प्रकाराचा वीट आला होता. "पस्तीस वर्षं मला कळलेलं नाही, हा माणूस खरं कधी बोलतो," त्या म्हणायच्या. सर म्हणायचे, "पस्तीस नाही, अडतीस." काकू डोक्यावर हात मारून घ्यायच्या, कारण मग सर विचारायचे, पस्तीस हे तू मुद्दाम पकडायला ठेवलं होतंस की खरंच विसरलीस?

बादलीचा प्रसंग मी विसरणं शक्य नाही. एका रविवारी सकाळी मला वर बोलावलं. स्वयंपाकघरात सिंकच्या नळाखाली सिंकपेक्षा रुंद तोंडाची एक जुनी प्लास्टिकची बादली, तिला बुडाशी खिळा तापवून पाडलेलं भोक. सरांनी नळ बेताचा सोडला.

"बघ. नळ म्हणजे रोजची गोळी. भोक म्हणजे किडनी. सुरुवातीला बादलीत पाणी कमी, म्हणून भोकातून जातं कमी. पाणी चढेल तसा खालून जोर वाढेल. चढता चढता एक वेळ अशी येईल की जेवढं येतंय तेवढंच जातंय. मग पातळी हलणार नाही. ती स्टेडी स्टेट."

आम्ही उभं राहून बघत राहिलो. पाणी चढलं, चढलं, आणि खरंच एका जागी थबकलं. मला भलताच आनंद झाला.

"आता सांग. नळ दुप्पट सोडला तर काय होईल?"

"लवकर भरेल," मी लगेच म्हणालो.

"लवकर नाही रे बाबा! जास्त! पातळी वरची मिळेल, पण तिथे पोचायला वेळ तेवढाच लागेल. वेळ नळावर नसतो, भोकावर असतो. अंगातलं औषध अर्धं व्हायला जेवढा वेळ लागतो ती हाफ-लाइफ. अशा चार-पाच हाफ-लाइफ गेल्या की पातळी बसते. डोस छोटा असो, मोठा असो."

हे मला जवळजवळ समजलं होतं. पण मागे एकदा डॉक्टरांनी मला पहिल्या दिवशी दोन आणि नंतर एकेक गोळी दिली होती, ते आठवलं आणि मी तोंड उघडलं. सरांचे डोळे चमकले. "ती वेगळी गोष्ट! तिथे आधी तांब्याभर पाणी ओतून बादली भरून घ्यायची, मग नळ सोडायचा." म्हणजे लवकर भरता येते की नाही? येते. मग मघाशी नाही का म्हणालात? मघाशी नळाबद्दल म्हणालो, आता तांब्याबद्दल. माझा चेहरा बघून त्यांनी विषय बदलला आणि बादलीच्या भोकावर अंगठा अर्धवट दाबून धरला. "आणि हे बघ. नळ तोच. गोळी तीच, वेळेवर घेतलेली. फक्त किडनी दमली." पाणी हळूहळू चढायला लागलं. मघाची रेघ ओलांडली, काठाला आलं आणि ओट्यावरून जमिनीवर सांडलं. काकू बाहेरून ओरडल्या. मला चूक पकडायची आठवणच राहिली नाही. सरांनी पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, आज चूक पेरलीच नव्हती. हे खरं की खोटं, तेही मला कळलं नाही.

सरांना सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी मिळाली ती हिराबाई. हिराबाई जवळच्या मोरवा गावची, रोज सकाळी आमच्या फाटकापाशी मासळीची पाटी घेऊन बसायची. तिला फिट यायची. गोळ्या चालू होत्या, तरी अधूनमधून यायचीच, आणि नेमकी मंगळवारी. एकदा आमच्या फाटकाशीच आली. पाटी उलटली, बोंबील रस्त्यावर. सर खाली धावले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी तिची उलटतपासणी घेतली.

"गोळी रोज घेतेस?"

"घेतंय ना. रोज घेतंय."

"रोज म्हणजे रोज?"

"सोमवार सोडून. सोमवारी माझा उपास हाय. त्या दिशी पोटात कायच न्हाय. गोली पन न्हाय. देवाच्या दिशी औषध कशाला? आनि गोलीला पन एक दिस सुट्टी नको का, सर?"

सर तिथेच फाटकाच्या कठड्यावर बसले. रविवारी घेतलेल्या गोळीतलं सोमवारी अर्धं उरतं, सोमवारी नवीन नाही, म्हणून मंगळवारी त्याच्याही अर्धं. मग पुन्हा पातळी चढवायला चार-पाच दिवस जातात. चढली न चढली तोवर पुन्हा सोमवार हजर. त्यांनी तिला हे पाटीतल्या बर्फावर समजावलं. बर्फ सारखा वितळतोय, तू रोज सकाळी नवा टाकतेस, एक दिवस टाकला नाहीस तर मासळीचं काय होईल? हिराबाईने तोडगा काढला, मंगळवारी दोन घेते. सर एवढ्या जोरात "नाही!" म्हणाले की समोरचा मेडिकलवाला बाहेर आला. शेवटी ठरलं की सोमवारी उपासाच्या चहाबरोबर गोळी घ्यायची, आणि देवाला काही आक्षेप असेल तर त्याने सरांशी बोलावं.

"बाकीचं मना काय समजलं न्हाय," हिराबाई पाटी उचलताना मला म्हणाली, "पन गोलीला सुट्टी न्हाय, येवढं समजलं." त्यानंतर तिच्या मंगळवारच्या फिट थांबल्या. मी अजून बर्फातच अडकलो होतो.

सर स्वतःही एक गोळी घ्यायचे. हृदय थकलं होतं, ठोके वेडेवाकडे पडायचे, त्यासाठी डिगॉक्सिन. जुनं औषध, त्यांचं वर्गातलं लाडकं. "ह्याच्या उपयोगाच्या पातळीत आणि विषाच्या पातळीत बोटभर अंतर," ते कौतुकाने सांगायचे, आपल्या खोडकर नातवाबद्दल सांगावं तसं. गोळी द्यायचं काम काकूंचं. सकाळचा चहा झाला की गोळी. काकूंच्या हातून ती एक दिवस चुकली नाही.

सर जाण्याच्या आदल्या वर्षी आम्ही इमारतीला रंग दिला. पांढरा. सगळं झाल्यावर मी आणि सर खाली उभे राहून वर बघत होतो.

"पिवळा छान दिसतोय," सर म्हणाले.

"चूक, सर! पांढरा आहे."

मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग इमारतीकडे, मग परत माझ्याकडे. खिशात हात घातला नाही. "असं होय," एवढंच म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, गोळ्या संपल्या असतील.

मग चुका वाढल्या. दूध पिवळं आहे म्हणून दूधवाल्याशी वाद घातला. मला दोनदा माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली, आणि माझ्या वडिलांना ते कधी भेटलेले नव्हते, फक्त दारावरच्या पाटीवर नाव वाचलेलं. दुपारी चारला सकाळचा चहा मागितला. आम्ही प्रत्येक वेळी हसून "चूक, सर" म्हणायचो. वॉचमनला तर वाटलं, साहेबांनी स्कीम सुरू केली आहे. जेवण कमी झालं होतं, मळमळतं म्हणायचे. काकूही पहिल्यांदा वैतागल्याच. "आता दर वाक्याला पेरायला लागले," त्या मला म्हणाल्या. दुसऱ्या कोणाच्या घरात एवढ्या गोष्टी झाल्या असत्या तर लोकांनी दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठला असता. आम्ही चुका पकडत बसलो.

त्याच दिवसांत गच्चीवरची टाकी वाहायला लागली, आणि खाली नळाला मात्र करंगळीएवढी धार. मी प्लंबरला घेऊन वर गेलो. टाकीच्या काठावरून पाणी गच्चीभर पसरलेलं.

"आज पालिकेने पाणी जास्त सोडलं काय?" मी विचारलं. मग तो बघत राहिला म्हणून हिंदीत विचारलं.

"पानी उतना ही आ रहा है, साहब," तो म्हणाला. "जाने का रास्ता चोक हो गया है."

इथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मला फक्त सरांचा अंगठा दिसला, बादलीच्या भोकावर दाबलेला. का, ते सांगता येत नव्हतं. मी प्लंबरला तसाच सोडून जिना उतरलो आणि काकूंनी दार उघडल्यावर जे तोंडात आलं ते विचारलं.

"काकू, सरांना लघवी नीट होतेय का?"

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. हातापायाला गच्चीतलं पाणी, आणि हा प्रश्न. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. रंगकाम चालू असताना सरांना जुलाब झाले होते, अंगातलं सगळं पाणी गेलं होतं, तेव्हापासून लघवी अगदी थोडी होत होती. आणि गोळी? "गोळी रोज दिली की," काकू म्हणाल्या. "कधी चुकवली नाही." असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या. त्यांना माझ्या आधी समजलं होतं. अडतीस वर्षं त्या वर्गात त्याही बसल्या होत्या.

सर आत पलंगावर होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "बस, तास सुरू व्हायचाय."

हॉस्पिटलात रक्त तपासलं. किडनी मंदावलेली, औषध अंगात साचलेलं, पातळी बोटभर अंतराच्या पार पलीकडे. पिवळं दिसणं, मळमळ, गोंधळ, सगळं त्याचंच. गोळी बंद केली, छातीला तारा लावल्या, सलाइन सुरू झालं. सरांचा मुलगा पुण्याहून आला. डॉक्टर, तरुण बाई, त्याला समजावत होत्या. एरवी दीड-दोन दिवसांत निम्मं होणारं हे औषध किडनी दमली की चार-पाच दिवस घेतं. ठोके सांभाळायचे आणि उतरायची वाट बघायची. चढायला जसा वेळ लागतो तसाच उतरायला. मुलाने विचारलं, वडील पूर्वीसारखे होतील का? डॉक्टर म्हणाल्या, औषधामुळे झालेला गोंधळ औषधाबरोबर उतरेल. पण वय आहे, आतून आणखी काही निसटलं असेल तर ते पातळी उतरल्यावरच कळेल.

त्या दिवसांत काकू मला रोज एकच विचारायच्या, "आज किती उरलं असेल?" मी निम्म्याचं निम्मं करत बसायचो. निम्म्याचं निम्मं केलं तरी काहीतरी उरतंच, मग संपतं कधी, हे मला कोणाला तरी विचारायचं होतं, आणि ज्यांना विचारायचं ते पलंगावर पडून नर्सला हजेरी घ्यायला सांगत होते. मला भीती वाटत होती. सर जातील ही होतीच, पण सर राहतील आणि तो मिश्कील माणूस गेलेला असेल, ही जास्त होती. आणि तो परत आला हे आम्ही ओळखणार कसं? ज्याच्या बऱ्या दिवसांतही वाक्यं चुकीचीच, त्याची परीक्षा घ्यायची कशी? हिराबाई भेटायला आली तेव्हा बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी होती. "डोले अजून इथं न्हाय," ती म्हणाली आणि देवाचा अंगारा उशाखाली ठेवून गेली.

साधारण दीड आठवड्यानंतरची गोष्ट. सकाळी डॉक्टर फेरीला आल्या. काकू, मुलगा, मी, सगळे उभे. डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न सुरू केले.

"काका, तुमचं नाव काय?"

"दत्ताराम सुर्वे."

"ह्या कोण?"

"माझी बायको. तिला तुम्ही घाबरवू नका, ती कोणाला घाबरत नाही."

"छान. आणि आपण आत्ता कुठे आहोत?"

सरांनी चारी बाजूंना बघितलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "लंडनला."

डॉक्टरांचा चेहरा पडला. मुलाने मान फिरवली. मी सरांकडे बघत होतो. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघून थांबले. त्यांचा उजवा हात सलाइनच्या नळीसकट हळूहळू छातीकडे गेला, जिथे शर्टाचा खिसा असायला हवा होता, आणि हॉस्पिटलच्या झग्यावर चाचपडायला लागला.

"चूक!" मी ओरडलो. "सर, चूक!"

"उशीर केलास," सर म्हणाले. "अगं, ह्याला गोळी दे."

काकू एकदम रडायला लागल्या आणि रडता रडता पर्स उपसायला लागल्या. तळातून एक लिमलेट निघाली. सरांनी ती माझ्याऐवजी डॉक्टरांना द्यायला लावली. डॉक्टरबाई बिचाऱ्या गोळी हातात धरून आम्हाला विचारत होत्या की पेशंटला नक्की बरं वाटतंय ना. मी त्यांना समजावायला लागलो आणि त्यांचाही गोंधळ करून ठेवला.

सर घरी आले. बादली काकूंनी फेकून दिली होती. डिगॉक्सिन बंद झालं, दुसरं काहीतरी सुरू झालं, पण हृदय मुळातच थकलेलं, ते काही नवं होणार नव्हतं. जिना चढणं थांबलं. मग बोलताना धाप लागायला लागली. तरी तास चालू होते, वाक्यं आखूड झाली एवढंच. मी एकदा विचारून घेतलं, की निम्म्याचं निम्मं होत होत शेवटी शून्य कधी होतं? त्यांनी बराच वेळ श्वास घेतला. "होत नाही," म्हणाले. "पण एका वेळेनंतर आपण मोजणं सोडतो." यात चूक कुठे आहे ते मी शोधत राहिलो.

शेवटी मुलाने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. सकाळची गाडी फाटकापाशी उभी होती. हिराबाईने पाटी बाजूला घेऊन जागा करून दिली. काकू पुढे बसल्या, सरांना मी आणि वॉचमनने मागे बसवलं. चौकड्यांचा शर्ट अंगावर आता हँगरवर टांगल्यासारखा दिसत होता. त्यांनी काच खाली केली.

"टाकीवर लक्ष ठेव," ते म्हणाले. "पंधरा दिवसांत येतोय मी परत."

"या, सर. मी स्टेशनला घ्यायला येतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाट बघितल्यासारखं. मग खिशात हात घातला, एक लिमलेट काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि वरून माझी मूठ मिटली. गाडी सुटली. मी हात हलवला, कागद सोडवून गोळी तोंडात टाकली आणि टाकीकडे बघायचं म्हणून गच्चीकडे निघालो.

दुसऱ्या मजल्यापर्यंत गोळी निम्मी झाली होती. तिसऱ्या मजल्यावर सरांच्या दाराला कुलूप होतं. तिथे माझ्या लक्षात आलं, की मी आज कुठलीच चूक पकडलेली नाही. पंधरा दिवसांत येतोय, म्हणाले होते.

मी जिना उतरून धावत फाटकाशी आलो. रस्ता रिकामा होता. हिराबाईने विचारलं, काय विसरले का सर? तोंडात गोळीचा अगदी बारीक तुकडा उरला होता आणि मी तो चावला नाही.